मले गमत नाही

विहीण चार दिवसांची पाहुणी असेल तर तिचं काय करायचं हे मुक्ताईला कुणी शिकवायची गरज नव्हती. ताट वाढायचं, साडी द्यायची, निघताना डोळ्याला पदर लावायचा. पण कायमची राहायला आलेली विहीण तिने सगळ्या मांजरी गावात पाहिली नव्हती. सून पूर्णिमा एकुलती एक. तिचे वडील तिकडे विदर्भात, वणीजवळच्या खेड्यात वारले, घराला पुतण्यांनी कुलूप लावलं, आणि मुलगा सुदर्शन आईला एका शब्दाने न विचारता सासूला गाडीत बसवून घेऊन आला. आणलं ते आणलं. आपण तोंडातून ब्र काढला नाही, असं मुक्ताई सोसायटीतल्या चारजणींना स्वतः जाऊन सांगून आली.

विहीणबाईंचं नाव वच्छलाबाई. बाई कामाची होती, हे मुक्ताईने पहिल्या आठवड्यातच ओळखलं. तांदूळ निवडायला घेतले तर खडा राहायचा नाही. भाजीत तिखट इतकं, की सुदर्शन जेवताना नाक पुसायचा आणि तरी वाढून घ्यायचा. तेव्हा दोघींची तिखटावरून रोज जुंपायची, आणि खरं सांगायचं तर मुक्ताईला त्यात बरं वाटायचं. सून आणि मुलगा सकाळीच खराडीला ऑफिसात जात. भांडायला घरात कुणीतरी लागतंच.

बोलणं मात्र विचित्र. मले, तुले, काहून, येऊन राहिली, जाऊन राहिली. मुक्ताई स्वतः 'हाय' आणि 'न्हाई' बोलायची, पण ते तिच्या मते शुद्धच होतं, कारण पुणे हाकेवर होतं.

मग पावसाळा सरता सरता वच्छलाबाई गप्प होत गेल्या. तिखटाचं भांडण एका बाजूनेच चालू राहिलं, आणि एका बाजूने भांडण किती दिवस चालणार? त्या गॅलरीत स्टूल टाकून समोरच्या बी विंगच्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. केस विंचरायचं राहून जाई. ब्लाउजची बाही दंडावर सैल लोंबायला लागली.

"विहीणबाई, काय होतंय तुम्हाला?" मुक्ताईने एकदा विचारलं.

"मले गमत नाही."

"गंमत न्हाई?"

"नाही ना."

मुक्ताईने कपाळाला हात लावला. साठी उलटलेल्या बाईला गंमत पाहिजे. "आमी काय इथं रोज गंमतच करत बसतो व्हय?" ती म्हणाली. वच्छलाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

पण मुक्ताईच्या घरात आलेल्या माणसाने काही मागितलं आणि ते मिळालं नाही, असं झालेलं नव्हतं. गंमत तर गंमत. तिने टीव्हीवर हसायचे कार्यक्रम लावले, आवाज मोठा ठेवून. सोसायटीच्या हास्यक्लबात नेऊन वच्छलाबाईंना पहिल्या रांगेत उभं केलं. तिथे रंगराव नावाचे निवृत्त मास्तर दोन्ही हात वर करून "हा हा हा" करत अंगावर येत. वच्छलाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि मागच्या बाईच्या पायावर पडल्या. मॉलमध्ये नेऊन सरकता जिना दाखवला. येताना आइस्क्रीम घेतलं, ते त्यांच्या हातातच वितळून गेलं.

दर दोन-तीन दिवसांनी तेच उत्तर. मले गमत नाही.

"पूर्णिमा, तुझ्या आईला गंमत फार लागते," मुक्ताई एका रविवारी सुनेला म्हणाली.

पूर्णिमा लॅपटॉपवर होती. "लागू दे ना, आई. जन्मभर शेतात राबली, तिला कधी मिळाली गंमत? तुम्ही नेता तिला सगळीकडे, मला किती आधार वाटतो."

झालं. मुक्ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वच्छलाबाई मुलीला काही सांगतच नसत. लेक कामावरून दमून आली की विचारायची, "आई, बरी आहेस ना?" त्या म्हणायच्या, "बरी आहो." लेक शहरातलं स्वच्छ मराठी बोलायची, आईही तिच्यापुढे शब्द जपून टाकायची. दोघी एकमेकींशी परक्या घरी आल्यासारख्या बोलत.

झोप गेली, अन्न तुटलं, तेव्हा पूर्णिमाच्या ऑफिसातल्या कुणीतरी येरवड्याच्या एका संस्थेचा पत्ता दिला. मनाचं दुखणं तपासणारी डॉक्टर तिथे आठवड्यातून तीनदा बसते. पूर्णिमाला रजा मिळेना. "मी नेते की," मुक्ताई म्हणाली. येरवड्याला जातो असं मांजरीत सांगायची सोय नव्हती. माणसं लगेच वेड्यांचं इस्पितळ समजून डोक्यापाशी बोट फिरवतात. शेजारणीला तिने सांगितलं, विहीणबाईंच्या चष्म्याचा नंबर काढायला चाललोय.

डॉक्टरीण केरळकडची होती. चेहरा शांत, मराठी जेमतेम. तिने हिंदीत विचारलं, काय त्रास होतो? वच्छलाबाई मांडीवरच्या हातांकडे बघून पुटपुटल्या. मुक्ताई पुढे सरसावली. हिंदी तिला येत होतं. भाजीवाल्यांशी रोज बोलत होती.

"बोलती है, मजा नहीं आता."

"किस चीज़ में?"

हे विहीणबाईंना विचारायचीसुद्धा मुक्ताईला गरज वाटली नाही. "किसी में नहीं. टीवी में नहीं, मॉल में नहीं. मैं सब दिखाया."

डॉक्टरणीने बरंच काही विचारलं. भूक, झोप, मरणाचे विचार. "मरणे का कुछ नहीं," मुक्ताई म्हणाली, "हमारे घर में सब अच्छा है." बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने फॉर्मवर मराठीत लिहिलं, तक्रार: गंमत वाटत नाही. झोपेची गोळी मिळाली, आणखी एक मनाची गोळी, आणि गुरुवारी ज्येष्ठांच्या गटात आणा असा सल्ला. उठताना डॉक्टरीण म्हणाली, पुढच्या वेळी मुलीला आणा, मला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कुणीतरी बोलायला हवंय. हे वाक्य मुक्ताईला लागलं. मी काय मुकी होते? घरी पोचेपर्यंत तिने ते विसरून टाकलं आणि पूर्णिमाला सांगितलंच नाही.

रोज संध्याकाळी दिवे लागले की ती झोपेची गोळी विहीणबाईंच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला पुढे करायची. वच्छलाबाई हात तोंडाकडे नेत, पाणी पीत. मुक्ताई समाधानाने पेला विसळायची.

तीन आठवडे गेले असतील. मंगळवारी दुपारी मुक्ताई विहीणबाईंचं लुगडं भिजवायला घेत होती. पदराला गाठ. सुपारी बांधलेली असेल म्हणून तिने सोडली, तर आत गोळ्या. पांढऱ्या, चपट्या, एकीला एक चिकटलेल्या. एकोणीस.

मुक्ताई बाथरूममधल्या पाटावर बसली. नळ चालू होता, बादली भरून वाहायला लागली, तरी ती उठली नाही. प्रत्येक गोळी तिने स्वतःच्या हाताने दिली होती. आणखी दोन-चार रात्रींची भर पडली असती आणि मग सगळ्या एकदम. घरचा उसाचा मळा गेला, त्या जागी बी विंग उभी राहिली, नवरा गेला, तेव्हाही ती अशी बसून राहिली नव्हती.

तिने गोळ्या रुमालात घेतल्या, बाहेर आली आणि म्हणाली, "विहीणबाई, चला. चपला घाला."

"कुठी?"

"येरवड्याला."

वच्छलाबाईंनी रुमाल पाहिला. चपला घातल्या.

डॉक्टरीण त्या दिवशी नव्हती. मैत्री नावाची सल्लागार बसली होती, तिशीची, केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर जेवणाचा डबा तसाच उघडा. मुक्ताईने रुमाल तिच्यापुढे सोडला. मैत्रीने गोळ्या पाहिल्या, डबा बंद केला आणि खुर्ची वच्छलाबाईंच्या समोर ओढली.

"मावशी, काय होतंय?"

"त्यांना की नाही, गंमत..." मुक्ताई सुरू झाली.

"काकू, त्यांना बोलू द्या."

मुक्ताईला आजवर कुणी असं थांबवलं नव्हतं. ती थांबली, ते टेबलावर उघड्या रुमालात एकोणीस गोळ्या पडल्या होत्या म्हणून.

"मले गमत नाही वो बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. हजारदा सांगितलेलं आणखी एकदा सांगावं तशा, काही अपेक्षा न ठेवता.

मैत्रीने पेन खाली ठेवलं. "कवापासून गमून नाही राहिलं, मावशी?"

वच्छलाबाईंनी मान वर केली. मुलीकडे नीट पाहिलं. "तू कोणाची वो?"

"नागपूरची. उमरेडकडचं माझं आजोळ."

"थे गेल्यापासून," वच्छलाबाई म्हणाल्या. "थे गेले, घर गेलं. इथं सारे चांगले आहेत. पण मले गमतच नाही. आता जीव ठेवून काय करू?"

मैत्रीने मुक्ताईला हळूच सांगितलं, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?"

बाहेरच्या बाकावर मुक्ताई पाऊण तास बसली. दारातून शब्द येत नव्हते, पण आवाज येत होता. आठ महिन्यांत विहीणबाई एवढं बोलल्याचं तिने ऐकलं नव्हतं. मधेच रडणं, मधेच काहीतरी भराभर. आपल्या घरात या बाईच्या तोंडाला कुलूप, आणि इथे एका परक्या पोरीपुढे धबधबा. मुक्ताईला राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते सापडेना.

मैत्री बाहेर आली ती हातात जुना फॉर्म घेऊन. "काकू, वाचता येतं?"

"तिसरीपर्यंत शिकलेय. न कळायला काय झालं?"

मैत्रीने ओळीवर बोट ठेवलं. तक्रार: गंमत वाटत नाही. "हे त्या म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणतात गमत नाही. आमच्याकडचा शब्द आहे. तुम्ही ज्याला करमत नाही म्हणता, तेच. पण त्याहून खोल. आपलं माणूस नसलं, आपली जागा नसली की दिवस ढकलला जात नाही, जीव कुठे टेकत नाही. त्याला म्हणतात गमत नाही."

मुक्ताई त्या अक्षरांकडे बघत राहिली. ग, त्याच्या डोक्यावर टिंब, म, त. पुन्हा पाहिलं. "म्हणजे हे टिंब चुकीचं."

"हो."

"ते मी घातलं."

मैत्रीने पुढचं सांगितलं, एकेक करून, मुक्ताईला पाठ होईल असं. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात. वच्छलाबाईंना काही दिवस एकटं सोडायचं नाही. डॉक्टरणीशी फोनवर बोलणं झालंय, औषध बदलतील, आजच संध्याकाळी मुलीला घेऊन परत यायचं. "आणि काकू, हसवू नका. त्या आत्ता फक्त ऐकणारं माणूस शोधताहेत."

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. खराडीचा सिग्नल लागला, बाजूला बसमध्ये पोरं फोनमध्ये मान घालून उभी. मुक्ताईला बोलायचं होतं, पण चुकलं असं म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती. तिचा नवरा धोंडिबा चाळीस वर्षं वाट बघून गेला.

"मी काय ऐकलं, तुम्ही काय म्हणत होता," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला करमणूक पायजे."

वच्छलाबाई बाहेर बघत होत्या. "मले वाटलं, तुमी माही मजाक करून राहिल्या. मी गमत नाही म्हटलं की तुमी टीव्ही लावत."

मुक्ताईने रिक्षाचा दांडा धरला. पावसाळ्यानंतरची एकेक दुपार तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, मोठ्या आवाजातल्या हसण्यासकट.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"थ्या मास्तरापुढं तरी कायले उभं केलं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मले वाटलं थो मारते आता."

मुक्ताईला हसू आलं, ते तिने दाबलं; हसवू नका असं सांगितलं होतं. विहीणबाई मात्र हसल्या नव्हत्याच, त्या खरंच विचारत होत्या.

पूर्णिमा धावतच घरी आली. मुक्ताईने तिला दारातच सगळं सांगितलं, गोळ्यांपासून टिंबापर्यंत, डॉक्टरणीच्या त्या दाबून ठेवलेल्या वाक्यासकट. काही लपवलं नाही. पूर्णिमा ऐकता ऐकता खाली बसली. कॉलेजात होस्टेलच्या मुली मले-तुले वरून चिडवायच्या, तेव्हापासून ती तसं बोलायची नाही, आणि आई तिच्यापुढे बोलायची नाही. ती आईच्या गुडघ्यांपाशी सरकली. "काहून नाही सांगतलं व, आई?" ती म्हणाली. सुनेच्या तोंडून असा आवाज मुक्ताईने लग्नाला सहा वर्षं झाली तरी ऐकला नव्हता.

संध्याकाळी तिघी जाऊन आल्या. नवं औषध मिळालं, पूर्णिमाने आठवड्याची रजा टाकली. कपाटाची किल्ली मुक्ताईच्या कमरेला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णिमा अंघोळीला गेली होती. मुक्ताईने भाकरी आणि झणझणीत पिठलं वाढून गॅलरीत नेलं. वच्छलाबाईंनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मुक्ताईच्या जिभेवर आलं होतं, एवढं अन्न टाकायचं नसतं. तिने ते गिळलं. दुसरं स्टूल आणून शेजारी बसली.

"तिकडं घरी या दिवसांत काय करत होता तुमी?" तिने विचारलं.

वच्छलाबाई म्हणाल्या, "आता कापूस वेचणीचे दिवस. थे सपरीत बसून राहात, मी पऱ्हाटीतून येवो तवरी."

घरात सगळ्यांना सगळं समजावणाऱ्या मुक्ताईने सवयीने मान ताठ केली, मग ती जरा खाली आणली.

"सपरी म्हणजे काय?" तिने विचारलं.

वच्छलाबाईंनी हाताने हवेत घराचं पुढचं अंग काढून दाखवलं. इथं दार. इथं खांब. इथं त्यांची बाज.

"आणि पऱ्हाटी?"