पाय धुण्याआधी

पवित्र गुरुवारी फादर बारा गरिबांचे पाय धुतात, हे सगळ्या रिओबांबा शहराला ठाऊक आहे. ते पाय त्याआधी दोन तास कुणीतरी धुऊन ठेवलेले असतात, हे मात्र फक्त सान बार्तोलो चर्चमधल्या बायकांना ठाऊक असतं. रस्त्यावर झोपणाऱ्याचा पाय आहे तसा चांदीच्या तबकात ठेवला तर पाणी काळंकुट्ट होईल आणि पुढच्या बाकांवरच्या मंडळींना जेवण जाणार नाही. म्हणून दुपारीच चर्चमागच्या अंगणात गरम पाणी, साबण, वज्री आणि कात्री घेऊन बायका बसतात. संध्याकाळी फादर त्या लख्ख पायांवर चार थेंब सोडतात, पुसतात, ओठ टेकवतात आणि सगळ्यांचे डोळे भरून येतात.

यंदा या सोहळ्याचं यजमानपद लुसमिलाकडे होतं. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई तेवीस वर्षं सरकारी इस्पितळात मलमपट्टीच्या खोलीत राबली होती. नवरा गेला, मुलगा स्पेनला गेला, आणि चार खोल्यांच्या घरात ती एकटी उरली. यजमानपद हा मोठा मान. आजवर तो दुकानदारांच्या, वकिलांच्या बायकांकडेच फिरत आला होता. लुसमिलाने त्यासाठी नऊ वर्षं वाट पाहिली होती, आणि तो मिळाला त्या दिवशी ती आरशासमोर एकटीच हसली होती.

यजमानणीने बारा प्रेषित, म्हणजे देवाच्या बारा शिष्यांच्या जागी बसायला बारा माणसं जमवायची, त्यांना कपडे आणि बूट द्यायचे. पूर्वी हे बारा जण म्हणजे कुणाचे सासरे, कुणाचा माळी असे घरचेच असत. यंदा नव्या फादर ऑक्ताव्हिओंनी बजावलं, खरीखुरी रस्त्यावरची माणसं हवीत. चर्चच्या समितीच्या अध्यक्ष इग्नासियाबाईंनी नाक मुरडलं, पण बिशप स्वतः येणार म्हटल्यावर त्यांनाही फादरांचं म्हणणं एकदम पटलं.

शिवाय नन्सच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. बारांतल्या एकाला ती कायमची मिळणार होती. अट एकच, माणूस स्वतःच्या पायांनी चालता-फिरता हवा, कारण तिथे उचलायला-बसवायला कुणी नाही. लुसमिलाने रोसेंदोचं नाव दिलं होतं. रोसेंदो त्रेसष्टचा. जन्मभर त्याने बाजारात पाठीवर बटाट्याची पोती वाहिली. पाठ गेली तसं काम गेलं, खोली गेली, आणि गेली अकरा वर्षं तो त्याच बाजाराच्या ओट्यावर पुठ्ठे अंथरून झोपत होता.

गुरुवारी तीन वाजता अंगणात बारा खुर्च्या मांडल्या होत्या. चिंबोराझोच्या बर्फाळ डोंगरावरून वारा सुटला होता आणि बादल्यांतलं पाणी बघता बघता निवत होतं. लुसमिला रोसेंदोसमोर पाटावर बसली. त्याने डावा पाय लगेच पुढे केला. उजवा खुर्चीखाली ओढून घेतला.

"उजवा द्या, काका. फादर उजवाच धुतात."

"डावा धुतला तर देव काय हाकलून देणार आहे?"

"द्या म्हणते ना."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "निन्या," तो हळूच म्हणाला. साठीला आलेल्या बाईलाही इथे गरीब माणूस निन्या, म्हणजे पोरी, असंच म्हणतो. "निन्या, आरडाओरडा करू नका, म्हणजे झालं."

पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. ती सोडण्याआधीच लुसमिलाच्या नाकाने तिला सगळं सांगितलं. तो वास तिने तेवीस वर्षं घेतला होता. दोन बोटं काळी पडली होती आणि लाली पावलावर चढत होती.

"कधीपासून?"

"दहाबारा दिवस. पण दुखत नाही हं! देवाशप्पथ, काही कळतसुद्धा नाही."

"दुखत नाही म्हणूनच तर वाईट आहे. साखर आहे का तुम्हाला?"

"साखर कुठली परवडते?" तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानेही तोंड मिटलं.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

"आणि खाट?"

लुसमिलाने सोडलेली पिशवी घडी करून बाजूला ठेवली.

"आज मी तिथे जाऊन पडलो तर खाट त्या पलीकडच्या खुर्चीवरच्या फुलहेन्सियोला मिळेल. गेली म्हणजे गेली. अकरा वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं? आज मागतो. फडकं बांधा, मोजा चढवा. आज आत जाऊ द्या. उद्या न्या कुठे न्यायचं तिथे."

तेवढ्यात इग्नासियाबाई हातात यादी घेऊन आल्या. "काय गं, तुझे बारा पुरे आहेत ना? बिशपांसमोर एक खुर्ची रिकामी दिसली तर जन्माची शोभा होईल बाई. अकरा प्रेषित कुणी ऐकलेत का कधी?"

लुसमिलाने पायावर टॉवेल टाकला. "बारा आहेत," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर रोसेंदोच्या खाटेचा विचार तिच्या मनात नंतर आला. आधी तिला ती रिकामी खुर्चीच दिसली. हे तिला तेव्हाही कळलं होतं, आणि तरी तिने चर्चच्या औषधपेटीतून पट्टी आणली. जखम हलक्या हाताने साफ केली, प्रत्येक बोटामध्ये कापूस ठेवला, टाचेवरून दोन वेढे घेऊन पट्टी अशी बसवली की तिच्यावरून सपाट मोजा चढला. मग तिने नवा बूट घातला. बूट शिरेना, तेव्हा नाडी पूर्ण सैल केली.

"उद्या सकाळी मी येते. पहिलं काम तेच," ती म्हणाली.

"तुमचं भलं होवो," रोसेंदो म्हणाला.

संध्याकाळी चर्च खच्चून भरलं होतं. फादर सातव्या खुर्चीपाशी आले तेव्हा रोसेंदोने डावा पाय पुढे केला. फादरांनी वर बघितलं. मागे टॉवेल घेऊन उभी असलेली लुसमिला खाली वाकून पुटपुटली, "दुसऱ्याला थोडं लागलंय, फादर." फादरांनी मान हलवली, पाणी सोडलं, पुसलं आणि इतर सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ ओठ टेकवले. फोटो निघाले. बिशपांनी जाताना लुसमिलाचा हात हातात घेतला. तिला इतका आनंद झाला की चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिला तो पाय आठवलाच नाही. रोसेंदोला नन्स गाडीत बसवून घेऊन गेल्या. गाडीपर्यंत तो ताठ चालत गेला.

शुक्रवारी सकाळी ती निघणारच होती. पण यजमानणीच्या घरी त्या दिवशी फानेस्का असते. बारा धान्यं दुधात शिजवायची, खारवलेला मासा आदल्या रात्रीपासून भिजत पडलेला, आणि साठ माणसं पंगतीला. बारा वाजता मिरवणूक, झेंडा तिच्याच हातात. चार वाजता ती आश्रमाच्या दाराशी गेली तेव्हा दार बंद होतं. पवित्र शुक्रवारी, देवाला क्रुसावर चढवलं त्या दिवशी, नन्स मौन पाळतात. तिने दोनदा घंटा वाजवली. तिसऱ्यांदा जोरात वाजवायला तिचा हात धजला नाही. आज देव मेलाय, आणि आपण काय हे दार बडवतोय, असं तिला वाटलं. इथली रीत न जाणणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने ते दार फोडलं असतं. लुसमिला मुकाट्याने घरी परतली.

शनिवारी सकाळी नन्सनीच फोन केला. रोसेंदो तापाने फणफणला होता. दोन रात्री त्याने बूट काढलेच नव्हते. पाय बघून बाहेर काढतील, या भीतीने तो बुटासकट पांघरुणात झोपला होता.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, लुसमिला निवृत्त झाल्यानंतर आलेल्या. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. दुपारी त्या बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "नातेवाईक कोण?"

"कुणी नाही. मीच."

"पट्टी कुणी बांधली होती? शिकलेला हात आहे."

लुसमिलाला नाही म्हणता आलं असतं. "मी बांधली," ती म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे गुरुवारी तुम्ही हे बघितलं होतंत. तुम्हाला कळलं नाही असं मला सांगू नका, ती पट्टीच सांगते. गुरुवारी आणलं असतंत तर दोन बोटांवर निभावलं असतं. काय एवढं अडलं होतं गुरुवारी?"

"त्यांचे पाय धुवायचे होते," लुसमिला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्या आत गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लुसमिलाला वाटलं.

आश्रमातल्या मोठ्या सिस्टरनी तिला बसायला खुर्ची दिली, दालचिनीचं गरम पाणी दिलं, आणि नियम वाचून दाखवला. त्या निर्दय नव्हत्या. तीन नन्स आणि चाळीस म्हातारी माणसं. "आम्ही त्याला उचलणार कशा, सांगा," त्या म्हणाल्या. खाटेवर फुलहेन्सियो आला होता. इग्नासियाबाईंनी फोनवर समजूत घातली, "तू तर सगळं केलंस गं. शेवटी देवाची इच्छा." लुसमिलाने फोन ठेवला. देवाच्या इच्छेला तिने बोट तरी लावू दिलं होतं का? सगळी इच्छा तिचीच होती.

सोळाव्या दिवशी रोसेंदोला घरी सोडलं, म्हणजे इस्पितळाच्या कागदावर तसं लिहिलं. चाकाची खुर्ची इस्पितळाची, ती फाटकापर्यंतच. तिथल्या बाकावर त्याला बसवून वॉर्डबॉय निघून गेला. लुसमिला टॅक्सी घेऊन आली तेव्हा तो कुबड्या आडव्या ठेवून बसला होता. हजामत केलेली होती. आश्रमात जायचं म्हणून त्याने करवून घेतली असणार.

"आश्रमात ना?" त्याने विचारलं.

"नाही, काका. माझ्या घरी."

रस्त्यावरून एक बाई मक्याची कणसं विकत गेली.

"म्हणजे खाट गेली," तो म्हणाला.

"गेली. माझ्यामुळे गेली. मला सगळं कळलं होतं. मी बारा मोजले आणि तुम्हाला बसवलं."

"मीच सांगितलं होतं ना बांधा म्हणून."

"तुम्ही सांगणारच. मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं."

त्याने वाद घातला नाही. माफही केलं नाही. तिने खोली तयार केल्याचं सांगितलं, मुलाचीच खोली, खिडकी आहे, सकाळी ऊन येतं, खाली तळमजल्यावरच आहे. ती सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

"किती दिवस, निन्या?"

तिने हा विचारच केला नव्हता. चादरी बदलल्या होत्या, कपाट रिकामं केलं होतं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती. मुलगा डिसेंबरात येणार होता. ती पुढच्या वर्षी साठीच्या उंबरठ्यावर, आणि त्याला उचलायचं, न्यायचं, धुवायचं. कायमचं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"बघू," ती म्हणाली. आपल्याच तोंडून ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोसेंदोने मान डोलावली. हा शब्द त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्याने कुबड्या उचलल्या आणि टॅक्सीकडे निघाला.