थोल म्हणजे सोसणं

श्रीधररावांना शब्द उकरायची खोड होती. चामराजपेटेतली बाकीची माणसं संध्याकाळी हवा खायला बाहेर पडत, हे आरामखुर्चीत बसून इंग्रजी शब्दांची पाळंमुळं खणत बसत. एका कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, आणि १९५८ साली त्यांचा सर्वांत लाडका शब्द होता ‘थोल’. खुद्द इंग्लंडात तो फारसा कुणी उच्चारत नसेल, पण बेंगळुरातल्या पोरांची त्यातून सुटका नव्हती. पोरं त्यांना पाठीमागे थोलराव म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

थोल म्हणजे सोसणं, वाट्याला आलेलं तोंडातून ब्र न काढता सहन करणं. फार जुना शब्द, फ्रेंच-लॅटिनचा वारा न लागलेला. त्याचे भाऊबंद जर्मनांकडे आहेत, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडे आहेत, स्कॉटलंडच्या खेड्यांत तो अजून जिवंत आहे. आणि ही भावकी शोधत खूप मागे गेलं, की आपली संस्कृतातली ‘तुला’ भेटते. इथवर आलं की श्रीधरराव खडू खाली ठेवत. “तराजूची तुला, आपलं तोलणं आणि त्यांचं थोल, सगळी एका आईची लेकरं! मूळ अर्थ काय? उचलणं, भार पेलणं. जो पेलतो तोच मोठा होतो.” पोरं माना डोलावत. वर्गात बसून माना डोलवायला काय जातं?

त्यांची एकुलती एक मुलगी विद्या याच शब्दांवर वाढली होती. तिचं लग्न पुण्याकडच्या रत्नाकरशी झालं होतं. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होता, आई शकुंतलाबाईंना घेऊन मल्लेश्वरात राहायचा. पगार चांगला, माणूस अबोल, घर नीटनेटकं. श्रीधरराव दर रविवारी बसने मुलीला भेटायला जात आणि पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसत. तिथे ते पाण्याचा घोटही घेत नसत. पहिलं नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. बाकीच्यांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती. यांनी मात्र शब्दांसारखी तीही जपली. तहान लागली तर जाताना कोपऱ्यावरच्या नळाला तोंड लावत.

“तुमच्यासारखी रीत पाळणारी माणसं राहिली कुठे आता!” शकुंतलाबाई म्हणत आणि समोर बसून गप्पा मारत. विद्या आतल्या दारात उभी राहायची. काही द्यायचं-घ्यायचं नाही म्हटल्यावर तिला पुढे यायला निमित्त तरी काय? “बरी आहेस ना?” ते विचारत. ती मान हलवायची. मग ते रत्नाकरला एखाद्या शब्दाची कुळकथा ऐकवत आणि समाधानाने घरी परतत.

त्या वर्षी गौरीला विद्या माहेरी आली, तेव्हा तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. दिवस राहिले होते ते मध्येच गेले, म्हणून उतरली असेल, असं श्रीधररावांनी ठरवून टाकलं. पण तिच्या आईनं, सावित्रीबाईंनी, दुपारी तिला चुलीपाशी उभ्याने सकाळचा गार भात खाताना पाहिलं. तासाभरापूर्वीच ती पोटभर जेवली होती.

“तिला ठेवून घेऊया हो स्वल्प दिवस,” सावित्रीबाई नवऱ्याला म्हणाल्या. “माझं मन काही सरी म्हणत नाही, ठीक वाटत नाही मला.”

“आणि लोक काय म्हणतील? सासूनं टाकली म्हणतील.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी विद्या वडिलांच्या खुर्चीपाशी येऊन बसली. “अण्णा, मला परत नाही जायचं.”

“का गं? मारतात का?”

“नाही.”

“रत्नाकर काही बोलतो?”

“ते काहीच बोलत नाहीत.” ती जमिनीकडे बघत राहिली. सांगायची तिला लाज वाटत होती. एवढ्या खात्यापित्या घरातली सून, असलं कसं सांगणार? मग म्हणाली, “अण्णा, एकदा आमच्याकडे जेवायला या. एकदाच. आमच्या पंक्तीला बसा.”

श्रीधरराव हसले. “अगं वेडे, तुला रीत ठाऊक नाही का? नातू दे, मग रोज येतो जेवायला!”

आणि तिचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला थोलची गोष्ट सांगितली. लहानपणापासून तिनं ती कितीदा तरी ऐकली होती. पुन्हा जर्मन आले, स्कॉटलंड आलं, तुला आली. विद्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अण्णा, तोलणारा आणि पेलणारा एकच असतो का हो?”

“वा! काय प्रश्न विचारलास!” श्रीधरराव खूश झाले. हा प्रश्न उद्या वर्गात घालायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला मल्लेश्वराला पोचवून आले. आत मात्र गेले नाहीत.

माघात विद्या तापानं गेली. साधाच ताप. डॉक्टर म्हणाले, ताप मोठा नव्हता, पण अंगात तोंड द्यायला काही उरलंच नव्हतं. श्रीधररावांनी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही. एवढी मुळं उकरणारा माणूस, पण एवढं साधं वाक्य त्याला उकलेना. सावित्रीबाईंना मात्र अर्थ लागला. त्यांनी त्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं आणि नवऱ्याशी बोलणंही जवळजवळ सोडलं.

तेराव्याला श्रीधरराव एकटेच गेले. नेहमीच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. शकुंतलाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, “सवाष्ण गेली, भाग्याची होती. चला, पान मांडलंय. मुलगीच राहिली नाही, आता कसली रीत पाळता?”

ते उठले. पहिल्यांदाच आतलं दार ओलांडून स्वयंपाकघरात गेले. पाटावर बसले. समोर केळीच्या पानावर भात होता. तूप आणायला शकुंतलाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि जाळीच्या कपाटाचं कुलूप उघडलं. तूप वाढलं, कुलूप लावलं. भात पुन्हा वाढायचा झाला, तर तोही त्याच कपाटातून, पुन्हा कुलूप उघडून. हात इतका सरावलेला होता, की आज पाहुण्यांसमोर हे करू नये, असंही त्यांच्या मनात आलं नाही. रत्नाकर खाली मान घालून जेवत होता.

श्रीधररावांचा हात पानावरच थांबला. जेवायला या, असं का म्हणाली पोर, ते त्यांना कळलं. सगळं एकदम कळलं.

“विद्या कुठे बसायची जेवायला?” त्यांनी विचारलं.

“ती का? ती शेवटी. तिथे, रुब्बण्याच्या, वाटणाच्या दगडापाशी. उरेल ते घ्यायची. फार गुणी हो, कधी म्हणून मागितलं नाही तिनं.”

श्रीधररावांनी आपलं पान उचललं. शकुंतलाबाई “अहो, अहो” म्हणेपर्यंत ते मागच्या दारालगतच्या त्या दगडापाशी जाऊन उघड्या फरशीवर बसले. जमीन गार होती. त्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराचं दार, त्यापुढे आतलं दार, आणि त्याच्या बरोबर समोर पुढच्या खोलीतली ती वेताची खुर्ची. इथे बसून ती अगदी स्वच्छ दिसत होती.

“संकोच करू नका,” शकुंतलाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या. “पोटभर जेवा.”

त्यांनी वाढला, आणि श्रीधरराव खाली मान घालून तो भात खाऊ लागले.