पाद्र्याच्या घरातलं बाळंतपण

अल्मायरा थॉर्न डॉक्टर होऊन गावात परतली ते १८५८ साल. तिला कोणी खोली देईना, म्हणून मेलेल्या बापाच्या खोगिरांच्या दुकानावरच तिने पाटी लावली. पाटीला दर आठवड्याला कोणीतरी शेण फासायचं. ती धुऊन काढायची.

माझा भाऊ सायरस पेलम तोवर गावचा एकमेव डॉक्टर. मी त्याची बिनलग्नाची बहीण, त्याचं घर सांभाळायचे. "बाईने चाकू धरावा तो बटाटे सोलायला," असं तो म्हणाला की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे. अल्मायरा समोरून दिसली की आम्ही बायका रस्ता ओलांडायचो.

मार्चमध्ये पाद्री वॅडलींची बायको फीबी अडली. मूल आडवं. तिसऱ्या दिवशी सायरस म्हणाला, आता तुकडे करूनच काढावं लागेल.

"अल्मायराला बोलवा!" फीबी किंचाळली. "तू हात लावू नकोस मला!"

"ती बया या घरात आली तर मी चाललो," म्हणत सायरस खरंच निघून आला. घरी पोटभर जेवला. मग हत्यारं तिकडेच राहिल्याचं आठवलं, तेव्हा ती आणायला मला धाडलं.

मी पोचले तर अल्मायरा कोपरापर्यंत हात धूत होती.

"बाह्या वर कर, साबण लाव आणि हिचे खांदे धर," ती म्हणाली.

"मी फक्त हत्यारं न्यायला आले होते."

"नंतर ने ती. आधी धर."

मी धरले. तिने आत हात घालून मूल हळूहळू फिरवलं, पाय धरून बाहेर काढलं. मुलगी निळी पडली होती. अल्मायराने तिचं तोंड साफ करून फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. शेवटी पोर रडली.

पाद्री दारात आले. "मागच्या दाराने जा. फाटकाशी लोक जमलेत."

"पुढून आले, पुढूनच जाईन," अल्मायरा म्हणाली आणि गेली. फाटकाशी एकजण तिच्या झग्यावर थुंकला. मी खिडकीतून पाहिलं.

महिन्याभराने फीबी चर्चला आली, त्या रविवारी पाद्र्यांनी बायकोच्या सुटकेबद्दल देवाचे आणि डॉक्टर पेलम यांचे आभार मानले. सायरसने मान लववली. मी कधी उठून उभी राहिले, मलाच कळलं नाही.

"डॉक्टर पेलम तेव्हा घरी जेवत होते," मी म्हणाले. "मीच वाढलं होतं. मूल अल्मायराने सोडवलं."

"खाली बस, मूर्ख!" सायरस ओरडला. फीबी मान खाली घालून बसली होती.

संध्याकाळच्या आत माझी पेटी रस्त्यावर आली. ती ओढत मी खोगिरांच्या दुकानात गेले आणि दारातच मला रडू फुटलं.

"रडायचं तर बाहेर," अल्मायरा म्हणाली. "आत पेशंट झोपलाय."

तिच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. बायका अंगावर शाल ओढून गुपचूप यायच्या, आणि रस्त्यात भेटल्या की ओळख दाखवायच्या नाहीत. गावाने तिला शेवटपर्यंत डॉक्टर म्हटलं नाही. मी म्हणायचे.