विंगेतली मावशी

नाटक पुन्हा करायचं ठरलं तेव्हा निर्मात्याला बहुतेक सगळं मिळालं. गाण्यांच्या चाली मिळाल्या, नेपथ्याचे फोटो मिळाले. मिळेना ती पूर्ण संहिता. छापील पुस्तकात अर्धे प्रवेश गाळलेले होते. तेव्हा जुन्या पियानोवाल्या काकांना आठवलं, की एक प्रत मावशीकडे असणार.

मावशी म्हणजे पहिल्या संचाची प्रॉम्प्टर. अडतीस वर्षांपूर्वी ती विंगेतल्या स्टुलावर बसून, मांडीवर वही ठेवून, विसरणाऱ्याला वाक्य पुरवायची. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि कुणाचीच मावशी नव्हती. नंतर थोरल्या बहिणीला मुलगी झाली, ती मावशी म्हणायला लागली, आणि बघता बघता सगळं जग तेच म्हणायला लागलं.

दिग्दर्शक स्वतः घरी आला. तिशीतला पोरगेलासा माणूस, बोलताना हात सारखे हवेत. "वही तर द्याच," तो म्हणाला, "पण तुम्हीही या. नव्या मंडळींना सवय नाही पाठांतराची. शूटिंगवाले सगळे."

मावशी नाही म्हणणार होती. तोंडून निघालं, "किती वाजता?"

नाटक तसं साधं. नदीवरच्या पुलाच्या राखणदाराची मुलगी परत येण्याचं वचन देऊन गेलेल्याची वाट बघत राहते. दुसऱ्या अंकात तिचं मोठं गाणं. ते संपलं की वाद्यं थांबतात आणि ती बापाला म्हणते, "बाबा, दिवा नका मालवू. तो आत्ताशी पुलापर्यंतच आला असेल." एवढंच वाक्य, पण सगळं नाटक त्यावर उभं.

नव्या संचातली पहिली नायिका मालिकेतली होती. चेहरा घरोघरी माहीत. पाठांतर चोख, वेळेवर येणारी, कुणाला त्रास नाही. रंगीत तालमीत ती गाणं सुरेख म्हणाली, वाद्यं थांबली, आणि ती गप्प उभी राहिली.

मावशीने लगेच वाक्य दिलं. ती तशीच उभी. मावशीने पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. शेवटी बापाचं काम करणारा नटच काहीतरी बोलला आणि प्रवेश पुढे सरकला.

तालीम संपल्यावर नायिका विंगेत आली. चिडलेली नव्हती, नवल वाटत होतं तिला. "मावशी, मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले गं."

शेजारी उभ्या पडदेवाल्याने दुजोरा दिला. "मी ऐकलं ना. माझ्या कानाशी ओरडल्या त्या."

नायिका हसली, पण पुढच्या पाचही प्रयोगांत तेच झालं. पाचव्यानंतर तिने मालिकेच्या तारखांचं कारण काढलं आणि निघून गेली.

दुसरी नायिका गाणारी होती. शास्त्रशुद्ध शिकलेली, पल्लेदार आवाजाची, सरावाच्या बाबतीत एकदम कडक. तीही त्याच जागी थांबली. तिने उगाच गोड बोलणं ठेवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "या बाई मुद्दाम गप्प बसतात. माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसतात." आठवड्याभरात तिचा घसा बसला. डॉक्टरांनी महिनाभर गाणं बंद करायला सांगितलं.

'मुद्दाम' हा शब्द मावशीच्या मनातून जाईना. भांडी घासताना, जिना चढताना, दात घासताना तोच. कारण मुद्दाम गप्प बसणं काय असतं, हे तिच्याइतकं त्या नाट्यगृहात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या संचात नायिका होती तिची ताई. निवडीच्या दिवशी दोघी बहिणी गेल्या होत्या. दोघींनी तेच गाणं म्हटलं. ताईला भूमिका मिळाली आणि धाकटीला वही. त्याचंही तिला फार वाटलं नव्हतं. पण एका दुपारच्या प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, की धाकटीलाही सगळं पाठ आहे, एखाद्या दिवशी तिलाच उभं करा. ताई आरशात बघून हसली. म्हणाली, "तिचं काय, वाचायचं तर असतं." सगळे हसले.

त्या दुपारी गाणं संपल्यावर ताई वाक्य विसरली. तिने विंगेकडे बघितलं. धाकटीचं बोट त्याच ओळीवर होतं. तिने तोंड उघडलं नाही. नऊ सेकंद, फार तर दहा. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं, मागून टाळी पडली. मग वाक्य दिलं, पण तोवर ताईचे हात थरथरायला लागले होते.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला ते थरथरले. महिन्याभरात ताईने नाटक सोडलं. लग्न केलं, संसार केला, घरात पुन्हा कधी गुणगुणलीसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. 'त्या दिवशी मला तू दिसत होतीस' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची ती एवढंच, "माझंच डोकं दगा देतं."

तिसरी नायिका म्हणून दिग्दर्शकाने चिमीला आणलं, तेव्हा मावशीने मांडीवरची वही मिटली. चिमी म्हणजे ताईची मुलगी. नाटकात लहानसहान कामं करणारी, आवाज मात्र आईचा.

"तू हे करू नकोस," मावशी तिला जिन्यात गाठून म्हणाली.

"का? मला जमणार नाही?"

"जमेल म्हणूनच नको."

"मावशी, असं कोड्यात बोलू नकोस. आईची भूमिका आहे. मी नाही तर कोण करणार?"

चिमीच्या पहिल्या प्रयोगाला मावशीने वही उघडलीच नाही. वाक्य तोंडपाठ होतं. गाणं संपलं. पियानोवाल्या काकांनी हात उचलले. चिमी थांबली आणि मान वळवून विंगेकडे बघायला लागली. मावशीने वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात बोलली, की पहिल्या रांगेतली माणसं वळली. चिमीपर्यंत मात्र काहीच पोहोचत नव्हतं. ती वाट बघत होती, अगदी विश्वासाने, घरच्या माणसाची बघावी तशी. मावशी मनात मोजत होती. नवाला चिमी स्वतःच सावरली आणि वाक्य बोलली.

प्रयोग संपल्यावर खोलीत दोघीच होत्या. चिमी कापसाने गालावरचा रंग पुसत होती.

"तू बोलली नाहीस," ती म्हणाली.

"आज बोलले. तेव्हा बोलले नव्हते."

"तेव्हा म्हणजे?"

मावशीने सांगितलं. आरशापासून टाळीपर्यंत सगळं, कसलीही सारवासारव न करता. चिमीचा हात हळूहळू थांबला. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा धुतलेला.

"तुला माहितीये, आई यादी केल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जायची नाही?" चिमी म्हणाली. "दोन वस्तू आणायच्या असल्या तरी यादी. गॅस बंद केलाय का, ते ती तीनदा बघायची. माझ्या शाळेच्या कार्यक्रमात तिला चार शब्द बोलायला सांगितलं, तर पायरीवरूनच परत फिरली. घरी येऊन मला म्हणाली, माझ्या डोक्याचा भरवसा नाही गं, तुझी फजिती झाली असती. मी दहा वर्षांची होते. मला तिची लाज वाटली होती, मावशी. तिची!"

मावशीने खाली पडलेला कापूस उचलला.

"एकदा तरी सांगायचंस तिला. तीस वर्षं होती की."

"धीर झाला नाही."

"उद्यापासून तू विंगेत बसायचं नाहीस," चिमी म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

मावशी दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. दिग्दर्शकाला तिने गुडघ्याचं कारण सांगितलं. तिच्या जागी त्याने एक लहान पडदा बसवला, त्यावर वाक्यं सरकत जायची. आठवड्याने पियानोवाल्या काकांचा फोन आला. प्रयोग जोरात चाललेत, म्हणाले. चिमी आता कुठेच थांबत नाही. "तुझी उणीव भासते, बरं का," असंही म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या रात्री मावशीला आठवत राहिलं ते एवढंच, की ती स्टूल सोडून गेली आणि चिमीचं थांबणं संपलं. म्हणजे त्या पोरींना अडवणारी जी कोण होती, ती रंगमंचावरची नव्हतीच. रोज ठरल्या वेळी, तिच्याच स्टुलावर, तिच्याच अंगात येऊन बसणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी होती. आता ती घरी आली होती. स्वयंपाकघरात, आरशात, दाराआड. बोलायची नाही, नुसती ओठ मिटून बघायची.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. चिमी होती. हातात पाव आणि अंड्यांची पिशवी.

"खाल्लंयस का काही?" तिने विचारलं.

"नाही अजून."

चिमीने अंडी उकडायला ठेवली. कप कुठे असतात ते तिला विचारावं लागलं नाही. चहा झाला, पाव भाजून झाला, तरी दोघी हवापाण्याचंच बोलत होत्या. मग अंडं सोलता सोलता चिमी म्हणाली, "मी माफ केलेलं नाही."

"कर म्हणत नाही मी."

"पण मला एक कळत नाही. आई त्या नाटकाबद्दल कधीच बोलली नाही. घरात एक फोटोसुद्धा नाही. काकांना नुसत्या चाली आठवतात. ती रंगमंचावर कशी होती, हे सांगणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही." तिने अंड्याचा अर्धा भाग मावशीच्या बशीत ठेवला. "तर सांग."

मावशीने चहाचा घोट घेतला. घसा साफ केला.

"पहिल्या प्रयोगाला," ती म्हणाली, "तुझी आई एक चप्पल विसरून रंगमंचावर गेली. एकच पाय अनवाणी. आणि तुला सांगते, तिने तो सबंध प्रवेश असा काही लंगडत केला, की लोकांना वाटलं, राखणदाराची मुलगी जन्मापासून लंगडीच आहे."

चिमी हसली नाही, पण तिने खुर्ची जवळ ओढली. "मग?" ती म्हणाली.