नाखव्यांचा पहिला नंबर

त्या रविवारी सकाळी रामचंद्र नाखव्यांनी नेहमीसारखी माझी चावी फिरवली, खांद्यावरच्या रुमालाने कर्णा पुसला आणि लेकीला विचारले, "बोल नलू, पयला नंबर कुनाचा?"

नलू शाळेतल्या मुलांचे निबंध तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही लावाल त्याचा, बाबा."

नाखवे हसले आणि त्यांनी गुलामांचे गाणे लावले. दुसऱ्या दिवशी जाळे दुरुस्त करता करता त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

मित्रांनो, मी चावीवर चालणारा, तबकड्या वाजवणारा फोनो. माझा जन्म विलायतेतला. लाकडी पेटी, पितळी कर्णा आणि पोटात पोलादी स्प्रिंग. १९४७ साली मुंबईतला माझा साहेब सामान विकून मायदेशी निघाला, तेव्हा नाखव्यांनी मला घेतले आणि गोणपाटात गुंडाळून मचव्यातून रेवदंड्याला आणले. खारा वारा मला मानवणार नाही, असे सगळे म्हणत. मला तो मानवला. माझा आवाज वाळूत ओढलेल्या होड्यांपर्यंत जाई.

नाखवे तरुणपणी मोठ्या बोटीवर खलाशी होते. बोट बिघडून इटलीच्या एका बंदरात अडकली, तेव्हा तिथल्या खानावळीत त्यांनी तबकड्यांवर वेर्दी नावाच्या थोर संगीतकाराची नाटके ऐकली. ही नाटके बोलत नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत गातात. खानावळवाल्याने हातवारे करून गोष्टी सांगितल्या. नाखव्यांनी त्यांत आपल्या पदरची भर घातली. पुढे मुंबईत धुंडाळून त्यांनी तीन तबकड्या मिळवल्या आणि त्यांना घरगुती नावे दिली. 'गुलामांचे' म्हणजे परमुलखात अडकलेली माणसे आपल्या गावाची आठवण काढतात ते. 'खोकलेवालीचे' म्हणजे क्षयाने मरणाऱ्या बाईचे. आणि 'कुबड्याचे' म्हणजे दरबाराला हसवणारा कुबडा विदूषक घरी येतो, आणि त्याची आईवेगळी लेक त्याला आईबद्दल विचारते ते.

नलूचीही आई लहानपणीच गेली होती. तिला वाढवले आत्याने, केसरबाईंनी. केसरबाई सुकट निवडताना ओरडत, "काय रं रामा, या बाईच्या पोटात दुखतं हाय का? ओवा दे तिला!"

"गप ऱ्हा, अक्का. ती मरतं हाय."

"मरताना कोन येवढं वरडतं?"

तबकडीवर टेकवायच्या सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा नलू बाभळीचे काटे तासून देऊ लागली. काट्यावर आवाज उलट गोड येई. एकदा मात्र नाखव्यांनी माझ्या स्प्रिंगला खोबरेल तेल घातले. पौषातल्या थंडीत ते थिजले, तबकडी संथ फिरू लागली आणि खोकलेवाली पुरुषी आवाजात रडू लागली. "बाईचा बुवा झाला!" म्हणून केसरबाई पोट धरून हसल्या. नाखव्यांनी मला उन्हात ठेवले. दुपारपर्यंत बाई पुन्हा बाई झाली.

पुढे शेजारी रेडिओ आला आणि माझ्यापुढे जमणारी गर्दी तिकडे वळली. ऐकण्या-ऐकवण्यापुरते उरलो आम्ही तिघे, नाखवे, नलू आणि मी. नाखव्यांना नलूच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, तीन गाण्यांतले तिचे सगळ्यांत आवडते कोणते. ती कॉलेज शिकली, शिक्षिका झाली, जाड जाड पुस्तकांवर तासन्‌तास बोलली. एवढे मात्र तिने कधी सांगितले नाही. कुबड्याचे गाणे लागले की ती उठून खिडकीशी जाई. नाखव्यांना वाटे, तिला कंटाळा आला. माझ्या कर्ण्यासमोरून जाताना तिचा चेहरा मला दिसे. तो कंटाळ्याचा नव्हता.

दिवसकार्य आटोपले. केसरबाईंनी अलिबागहून जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावले.

"घेऊन जा यो डबा. आता कुनाला समजतं यातलं?"

"तबकड्या पण द्या," तो म्हणाला. "त्यांची लाख वितळवून कायतरी करीन." त्याने माझा कर्णा काढायला हात घातला.

मित्रांनो, यंत्राला योग्य तेल लागते आणि कोरडे फडके लागते. पण त्याआधी लागतो ऐकणारा. घरात जे ऐकत आलात, ते आवडत असेल तर तसे बोलून टाका. आम्हाला बोलता येते ते फक्त तबकडीवरचे.

"थांबा," नलू म्हणाली. तिने काटा बसवला, चावी भरली आणि कुबड्याचे गाणे लावले. विदूषकाने लेकीला हाक मारली. लेकीने ओ दिली. या वेळी नलू खिडकीशी गेली नाही.

"आता कोनासाठी लावतंस गं?" केसरबाईंनी हळूच विचारले.

नलू दाराकडे पाहत होती. अर्धवट दुरुस्त केलेले जाळे तिथे तसेच टांगलेले होते.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "पहिला नंबर गुलामांचा नाही. या बापाचा आणि त्याच्या लेकीचा आहे. पहिल्यापासून."