कपाटाच्या पायाखालचे चार तुकडे

आमच्या यांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात टाइल्स बसवल्या. त्यांनी केलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला की लोण्यावरून फिरवल्यासारखं वाटतं, असं गिऱ्हाइकं सांगायची. आणि आमच्या घरात? बाथरूमकडे वळायच्या कोपऱ्यावर टाइल नुसतीच कापून लावलेली, कडेला सुरीसारखी धार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तीस वर्षं मी त्यांना हे ऐकवत आले. ऐकवण्यात मी कमी नाही, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

दोन वर्षांमागे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तरी हाताच्या अंदाजावर घरभर फिरायचे. पलंगापासून अकरा पावलं, मग भिंत, मग कोपरा, मग बाथरूमचं दार. कुणी हात धरलेला खपायचा नाही. मग एका सकाळी त्याच कोपऱ्यावर तळवा उभा चिरला. तीन टाके पडले. जखम भरली, पण माणूस उठेना. बाथरूमला जायचं तर मला हाक मारावी लागणार, आणि हाक मारायची लाज, म्हणून पाणीच पिईनात. दिवसाला दोन घोट. ओठ सुकून गेले.

सूनबाई गुणाची आहे, पण घाईची. म्हणाली, "आई, खोलीतच भांड्याची खुर्ची ठेवू या. बाबांना सोपं जाईल."

आतून आवाज आला, "म्हणजे माझा मुक्काम आता भांड्यावर?"

दुसऱ्याच दिवशी मी मिस्त्री बोलावला.

मिस्त्री पन्नाशीचा, पोट पुढे आणि तोंड पोटाच्याही पुढे. कोपरा बघून म्हणाला, "काकू, वरून स्टीलची पट्टी चिकटवतो. तासाभरात मोकळे."

"चिकटवलेली पट्टी सहा महिन्यांत सुटते," पलंगावरून हे बोलले. "आणि सुटली की टाइलपेक्षा जास्त कापते. पट्टी टाइलच्या आधी बसवायची असते, तिचा पाय टाइलखाली दाबून. कुणाकडे शिकलास रे?"

मिस्त्रीने कानाला हात लावला. "चुकलं, काका. मग ही शेवटची उभी रांग फोडून गोल कडेच्या टाइल्स लावू. पण एवढ्या जाड आता मिळत नाहीत. जुन्या कुठे पडल्या असतील तर बघा."

"होत्या. याच कोपऱ्यासाठी सहा आणल्या होत्या. हरवल्या माझ्याकडून. कुठल्या गिऱ्हाइकाकडे विसरलो, देव जाणे."

मी हातातला कप खाली ठेवला आणि कपाटाकडे बघितलं.

त्या हरवल्या नव्हत्या. वर्षभर गॅलरीत पडून होत्या. उद्या बसवतो, परवा बसवतो. शेवटी ओलीने कपाटाचे पाय कुजायला लागले, तेव्हा मी त्यातल्या चार उचलून पायांखाली सारल्या. पाचवी तेलाच्या बरणीखाली. सहावी झुरळावर मारली. झुरळ पळालं, टाइल फुटली. आणि मग एका रविवारी हे थापी, सिमेंट काढून शोधायला लागले. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट कोण हलवणार, आणि चूक माझी म्हणून कोण सांगणार? मी म्हटलं, "विसरला असाल कुणाच्या तरी घरी." वर तीस वर्षं टोमणे मारले. चोर तो चोर, वर शिरजोर.

आताही गप्प राहता आलं असतं. कपाट काही साक्ष द्यायला येणार नव्हतं. पण सूनबाई मोबाइलवर खुर्च्या बघत बसली होती.

"मिस्त्री, कपाटाला हात लाव," मी म्हणाले.

"कपाटाला?"

"कपाटालाच. आणि अहो, तुम्ही ऐका. मी एकदाच बोलणार आहे."

सगळं सांगितलं. झुरळासकट. मग यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. हसत होते.

"अगं, त्या टाइल्सपायी एका गिऱ्हाइकाला मी चोर म्हणालो होतो!"

"त्याची माफी तुम्ही मागा. तुमची मी मागितली."

"कधी मागितलीस?"

"आत्ता. ऐकूही कमी यायला लागलं का?"

कपाट हलवलं. चार निघाल्या, पाचवी बरणीखालून. तीस वर्षांची धूळ पुसली तर नव्यासारख्या. सहावीचं काय? हे म्हणाले, "उरलेली एखादी साधी टाइल दे, आणि माझा घासायचा दगड."

दोन दिवस ते गॅलरीत मांडी घालून बसले. पाण्यात दगड बुडवायचा, कड घासायची, अंगठा फिरवायचा. पुन्हा घासायची. मी सारखी चहा नेत होते, तर म्हणाले, "मध्ये मध्ये येऊ नकोस, हात चुकतो."

मिस्त्रीने ती टाइल घेतली, अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाला, "काका, ही तळाला नाही लावणार. हात येतो तिथे लावतो."

मला दिसत होतं. बाकीच्या पाच कडेपर्यंत पांढऱ्या, चकचकीत. हिची चमक घासून गेली होती आणि आतली लाल माती रेघेसारखी उघडी पडली होती. जिभेवर आलेलं मी गिळलं.

सिमेंट वाळेपर्यंत दोन दिवस हात लावायचा नव्हता. तिसऱ्या सकाळी मी ओट्यापाशी होते, तर पलंग करकरला. एक पाऊल. दुसरं. मी मनात मोजत होते. अकरा. मग भिंतीवरून तळव्याची खसखस. कोपरा आला, हात थांबला. अंगठा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मी ओट्यापासून पुढे येऊन बघत होते.

"काय गं, हिचा रंग जुळत नसेल ना?" मी तिथे आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"नाही जुळत. लाल रेघ दिसते."

"दिसू दे."

कोपरा वळून ते गेले, दार लावून घेतलं. सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिने मोबाइल पालथा ठेवला.

आतून आवाज आला, "आणि उशाशी पाणी ठेव. तो चिमणीएवढा पेला नको. मोठा भर."