बिनतक्रार कुलूप

कर्नलमधून आपलं कुलूप काढून टाकणार आहेत, हे मनस्वीला सकाळी चहा पिताना कळलं आणि चहा तसाच राहिला.

कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात आणि ईमेलवर भांडतात. एकाच मेमरीत अनेक कामांनी एकदम हात घातला की सावळागोंधळ होतो, म्हणून कुलूप लागतं. मूळ पद्धतीत सगळ्या मेमरीला एकच कुलूप. एक आत गेला की बाकीचे दाराशी ताटकळत. मनस्वीने पर्याय लिहिला होता, खोलीखोलीला वेगळं कुलूप. ज्याला हवा त्याने तो चालू करून घ्यावा. लिहिणं एक वेळ सोपं, पण सांभाळणं महाकठीण. मूळ पद्धतीत कुणी काही हलवलं की हिच्याकडे काहीतरी निखळायचं. मग मांडवीच्या घरातल्या तिच्या खोलीत जुनी यंत्रं घरघरत हजारो कामं मेमरीवर सोडायची आणि ही बघत बसायची, कोण कुठे अडकतंय ते. नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं, फुकट. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच.

मेमरीच्या विभागात ज्याचा शब्द चालतो त्या टोमासने सगळ्यांना उद्देशून ईमेल लिहिली होती, 'हा पर्याय सतत मोडतो. नीट चालल्याची एकही नोंद नाही. काढू या.'

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खरमरीत उत्तर धाडलं. प्रत्येक आवृत्ती मी स्वतः तपासते!

टोमासचं उत्तर सभ्य होतं, म्हणून जास्त झोंबलं. 'विश्वास आहे. पण तुझ्याकडून आली ती फक्त दुरुस्तीची पत्रं. चाललं, असं तू एकदाही लिहिलं नाहीस. मी इतरांना काय दाखवू?'

ह्या मंडळींत रीत होती. चाचणी झाली की 'तपासलं, ठीक आहे' अशी ओळ नावानिशी लिहायची. मनस्वीला तो मिरवण्याचा प्रकार वाटायचा. तिच्या घरात आमटीत मीठ कमी पडलं तरच बोलणं होई. भांडं चाटूनपुसून साफ झालं की आईने समजून घ्यायचं.

आई, गोदा, दारातून बघत होती. "काय झाला गो? तोंड का उतरलाय?"

"माझा काम काढून टाकतायत. म्हणे चालताय असा कधी सांगितलाच नाहीस."

"चालताय ता सांगायचा कशाला? मोडला तर सांगायचा."

आईचा राग यावा असं ती काही बोलली नव्हती. तरी आला.

एक आवृत्ती थांबा, आता अहवाल पाठवते, अशी विनवणीही मनस्वीने करून पाहिली. पण काढून टाकायला कुणीच हरकत घेतली नव्हती, विषय संपला होता. वर टोमासने लिहिलं, 'हा कोड तुझ्याइतका कुणाला माहीत नाही. तूच काढलास तर बाकीच्या भागाला धक्का लागणार नाही.'

म्हणजे पोर आपलं आणि खड्डाही आपणच खणायचा! तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि कामाला बसली. कुणा धसमुसळ्याच्या हाती ते द्यायला तिचं मन धजेना. एकेक ओळ तिने जपून उपटली. पुन्हा यंत्रं लावली. कुठे काही अडकलं नाही. मग सगळ्यांना पाठवताना खाली ओळ लिहिली, 'तपासलं, ठीक आहे. मनस्वी.' आयुष्यात पहिल्यांदा.

आभारांचा पाऊस पडला. इतकं स्वच्छ काम क्वचित दिसतं, असं टोमास म्हणाला. आजवर ह्यातल्या एकानेही तिच्या कामाबद्दल बरा शब्द काढला नव्हता.

दुपारी एक अनोळखी पत्र आलं. दूरच्या देशातल्या कुठल्याशा कॉलेजातला माणूस होता. त्यांच्या प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं सुरुवातीपासून मनस्वीच्याच कुलपावर चालत होती. आता काय वापरू, असं तो काकुळतीने विचारत होता. 'इतक्या वर्षांत एकदाही त्रास झाला नाही,' त्याने लिहिलं होतं, 'म्हणून कधी कळवलं नाही.'

मनस्वीने ते पुन्हा वाचलं. तिला त्याचा भयंकर संताप आला, आणि त्याला कोणत्या तोंडाने झापायचं ते मात्र सुचेना.